समितीतलं घर

दिवाळी सरली आणि सोनारीजवळच्या त्या वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला गेली. मागं राहिली ती म्हातारी माणसं. त्यांची पाहणी करायचं धाराशिवच्या एका लहान संस्थेनं ठरवलं आणि काम तिथल्या कार्यकर्त्या सोनालीकडं आलं. कॉलेजात असं संशोधन करायचं तर प्रश्न आधी समितीपुढं ठेवावे लागतात. विचारल्यानं कुणाला त्रास तर होणार नाही ना, ते समिती बघते. संस्थेला कुठली समिती? म्हणून सोनालीनं वस्तीतल्याच पाच जणांना बसवलं. निवृत्त मास्तर ज्ञानोबा गुरुजी त्यांतले एक, आणि शांताक्का एक.

शांताक्कानं अंगणवाडीत तीस वर्षं मदतनिशी केली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी लातूरला दिलेली.

शाळेच्या खोलीत बैठक बसली. सोनाली प्रश्न वाचत होती. सातवा आला, "काल दिवसभरात तुम्ही कुणाकुणाशी बोललात?"

"यात काही वावगं न्हाय," गुरुजी म्हणाले. "पुढचा वाचा."

"थांब जरा," शांताक्का म्हणाली. "ह्यो आधी मला इचार."

सोनालीनं हसून विचारलं. शांताक्कानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून तिनं हात पदराखाली घेतला.

"दारात कुत्रं आलतं, त्याला हाड म्हणले," ती हळू म्हणाली. "बाकी कुणाशी न्हाय."

मग ती सोनालीकडं वळली.

"तू इचारस्तोवर माझ्या ध्यानात बी आलं नव्हतं. आता तू गाडीवर बसून जाशील. म्या ह्ये घिऊन घरी एकलीच बसणार."

"मग प्रश्नच काढून टाकू," गुरुजी म्हणाले.

"काढू नगा. इचाराय पायजे. पर जी इचारंल तिनं तिसऱ्या दिशी परत यावं. कागुद न घेता, नुसतं बसाय. आन् इचारताना, बसताना शेजारचं कुणी तिथं नसावं. लेकासुनेचं दुसऱ्याम्होरं कोण बोलतंय?"

"आक्का, एकशेवीस घरं आहेत आणि मी एकटी."

"मग घरं कमी घे."

सोनालीनं दोन दिवस फोनवरून ऑफिसशी वाद घातला. शेवटी चाळीस घरं ठरली. नवी यादी करताना गुरुजी म्हणाले, "समितीतली घरं यातून वगळा. न्हायतर आपणच आपल्याला परवानगी दिल्यागत व्हईल." ते सगळ्यांना पटलं. शांताक्कालाही पटलं. तिनं कागदावर सावकाश सही केली.

शेजारची नागूबाई यादीत होती. तिचा सिदू बायकोला घेऊन तोडीला गेला होता. सोनाली येऊन प्रश्न विचारून गेली आणि तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं परत आली. शांताक्का अंगणात तूर निवडत होती. कुंपणापलीकडून नागूबाईचा आवाज येत होता. पोरपणी मेंढरांमागं बापाबरोबर कुठवर गेली असं काहीतरी ती सांगत होती, सगळे शब्द कळत नव्हते. मध्येच ती मोठ्यानं हसली. सिदू गेल्यापासून तिचं हसणं शांताक्काच्या कानावर पडलं नव्हतं.

शांताक्का उठली. वाटीत थोडा गूळ घेतला आणि कुंपणापर्यंत गेली. तिथं तिला आठवलं की शेजाऱ्यानं बसायचं नाही हे आपणच सांगितलंय. पलीकडचे शब्द नीट कळायला लागले तशी ती मागं फिरली आणि घरात जाऊन बसली.

सोनाली बाहेर पडली तेव्हा शांताक्का आपल्या दारात आली.

"आक्का, तुमचा नियम खूप कामाला आला," गाडी चालू करत सोनाली म्हणाली. "तुमचं बरं आहे ना?"

"बरं हाय की. जा तू, म्होरल्या घरी वाट बघत आसतील."

नागूबाई काय बोलली ते तिनं पुढं कधी विचारलं नाही, आणि नागूबाईनंही आपण होऊन सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात सोनाली चाळीस घरांत दोन-दोनदा गेली. जाता-येता तिची गाडी शांताक्काच्या दारावरून जायची. गाडीचा आवाज आला की शांताक्का हातातलं काम ठेवून उंबऱ्याशी येऊन उभी राहायची.