कारखान्याच्या पाटीवरचं नाव

रूपल बोईसरच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात डबा उघडत होती, तेवढ्यात जमनामावशीचा फोन आला. मावशी खाडीत जाळं टाकून मासे विकायची.

“रूपल, कारखान्याच्या गेटावर नवी पाटी लागलीय ना, तिच्यावरचं नाव माझ्या दीपानं मोबाईलवर लावलं. खाडीत घाण पानी कवा सोडलं, ते लिवलंय. खरं हाय का गं?”

“कायतरी भलतंच उघडलं असंल,” रूपल हसली.

त्या कारखान्याच्या दोन्ही वेबसाइट तिनेच बसवल्या होत्या. एक लोकांसाठी, झाडांच्या फोटोंची. दुसरी फक्त कारखान्याच्या साहेबांची, तिची पानं तेच भरायचे. रूपलने जावा भाषेत लिहिलेला सर्व्हर दोन्ही एकाच सॉकेटवर, म्हणजे एकाच दारातून, चालवायचा. कोणत्या नावाने विचारणा आली ते बघायचं, यादीत ते नाव शोधायचं, त्याची पानं धाडायची. नाव यादीत नसेल तर यादीतली पहिली वेबसाइट द्यायची.

तिने पाटीवरचं नाव जसंच्या तसं टाइप केलं आणि घास हातातच राहिला. पाटीवर नावाआधी तीन डब्ल्यू छापले होते, ते तिने यादीत घातलेच नव्हते. आणि यादीत पहिली होती साहेबांची वेबसाइट. त्या वेबसाइटचं नाव बाहेर कुणाला माहीत नाही म्हणून तिला पासवर्डही नव्हता.

समोर तक्ता होता. तारीख, भरतीची वेळ, शुद्ध न करता सोडलेलं पाणी. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विचारणा झाल्यास मासे उन्हाने मेले असे सांगावे.’

एप्रिलमधली एक तारीख तिने पुन्हा वाचली. त्याच दिवशी मावशीचं जाळं मेलेल्या बोय माशांनी भरून आलं होतं. “ऊन किती पडलंय, मावशी,” असं तिला रूपलनेच समजावलं होतं.

“सर, हे बघा.”

ऑफिसचे मालक प्रफुल्लसर पांढरेफटक पडले. “आधी बंद कर ते! चूक तुझी आहे.”

चूक तिचीच होती. तिने तीन डब्ल्यूंचं नाव यादीत जोडलं. अनोळखी नाव आलं तर ‘अशी वेबसाइट इथे नाही’ एवढंच उत्तर ठेवलं. सर्व्हर पुन्हा चालू झाला, पाटीवरच्या नावाला झाडांचे फोटो दिसले.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला. “मावशी, खरं हाय.”

 “तवा तू उन्हाचं का सांगितलंस?”

“मला ठाव नव्हतं गं. दीपानं फोटो काढलेत?”

“सगल्या पानांचे.”

दुसऱ्या दिवशी तिघी पालघरला प्रदूषणाची तक्रार द्यायला गेल्या. फोटो बघून अधिकाऱ्याने विचारलं, “ही पानं कारखान्याचीच कशावरून?”

रूपलने अर्ज ओढून घेतला आणि खाली लिहिलं, ‘कारखान्याची ही पानं दाखवणारा सर्व्हर मी लिहिला आहे.’ मग सही केली.

संध्याकाळी तिला कामावरून काढल्याचा मेसेज आला. आठवड्याने पालघरच्या त्या ऑफिसातली दोन माणसं खाडीचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. मावशी काठावर उभी राहून बघत होती. रूपल शेजारी जाऊन उभी राहिली, तरी मावशीने नजर त्या बाटल्यांवरून हटवली नाही.