चिमणी खाली उभी राहते

आमच्या घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे माझ्या वहिनीचा नकार. दादाचा नकार आवाजाला मोठा, पण थोडा वेळ गेला की आपोआप विरतो. वहिनी आवाज चढवत नाही. एकदाच 'नाही' म्हणते आणि हातातलं काम पुढे सुरू करते. मग आभाळ कोसळलं तरी त्यात फरक पडत नाही. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, हे पुरतं माहीत आहे. तरीही तिनं जेवताना विषय काढला, तेव्हाच मी ओळखलं की पोर हट्टाला पेटली आहे.

भाचीला आम्ही चिमणी म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. आता पंधराव्या वर्षी ती फ्रिजचं एक टोक विनातक्रार उचलते, पण नाव पडलं ते पडलं. आमचा धंदाच बिऱ्हाडं हलवण्याचा. लोकांचे संसार खोक्यांत भरायचे, ट्रकात चढवायचे, नव्या घरी उतरवायचे. दादा-वहिनी दोघंही ओझी उचलतात, सुट्टीत चिमणी हात लावते. मी फोनवर गिऱ्हाइकांशी गोड बोलते. त्याला दादा 'बसून खाणं' म्हणतो.

"शाळेच्या चीअरलीडिंगच्या संघात मला घेतलंय," चिमणी म्हणाली. "शनिवारपर्यंत घरून होकार हवाय. नाहीतर जागा दुसरीला जाईल."

दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे सामना दुसरे खेळणार आणि माझी पोर कडेला उभी राहून गोंडे हलवणार? घसा आपला कोरडा, कप त्यांच्या हातात! नाचायची एवढी हौस असेल तर ट्रक रिकामा करताना नाच, दोन खोकी जास्त उतरतील."

"बाबा, नाच थोडासाच असतो. आम्ही माणसं उचलतो."

"माणसं?"

"मुली. एकीला हातांवर उभं करायचं, वर उडवायचं, परत झेलायचं. मी खालची."

"खालची? का, शिक्षा केलीय तुला?"

मला हसू फुटलं. वहिनीला नाही. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "वरची पडली तर?"

"झेलायची."

"कुणी?"

"मी."

"मग नाही," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा जग पुढे सरकवला.

याचं कारण घरात कुणालाच विचारावं लागलं नाही. आमच्या धंद्यात एक हाक आहे. जिन्यात कपाट सटकलं, पाय घसरला, पट्टा तुटला, की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं, "सोड!" ती हाक ऐकली की विचार करायचा नाही. हात काढायचे आणि बाजूला उडी मारायची. कपाटाचा चुरा झाला तर होऊ दे, भरपाई देता येते. वहिनीनं चिमणीला ही हाक बाराखडीच्या आधी शिकवली. अचानक 'सोड' म्हणायचं आणि पोरीनं उशी टाकून पळायचं, हा आमच्या घरातला खेळच होता. आणि आता तीच पोर पडणाऱ्या वजनाखाली स्वतःहून उभी राहायची परवानगी मागत होती.

मी चिमणीच्या जागी असते तर दार आपटलं असतं, जेवण टाकलं असतं, निदान डोळ्यांत पाणी तरी आणलं असतं. चिमणीनं सगळं ताट संपवलं, धुतलं आणि येऊन म्हणाली, "बाबा, सामान न बघता तुम्ही कधी काम नाकारलंय?"

दादानं कान खाजवला. कारण सामान डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो नाही आणि नाहीही नाही, हे त्यानंच मला हजारदा सुनावलेलं.

"मग उद्या या आणि बघा. बघून नाही म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही."

काय पोर आहे! बापाला बापाच्याच दोरीनं बांधलं. वहिनीनं दुसऱ्या दिवशी दुपारचं काम पुढे ढकललं. नकार तिच्या चेहऱ्यावर तसाच होता.

शाळेच्या व्यायामशाळेत निळ्या गाद्या पसरल्या होत्या. आम्ही तिघं भिंतीलगतच्या बाकावर बसलो. मुलींच्या प्रशिक्षक बाई आखूड केसांच्या, बसक्या आवाजाच्या. त्यांनी आम्हाला मान हलवून नमस्कार केला आणि लगेच पाठ फिरवली. गोंडे कुठे दिसतच नव्हते. घामेजलेल्या मुली, गुडघ्यांना पट्ट्या, आणि बाईंचे आकडे. चिमणी आणि एक उंच मुलगी समोरासमोर उभ्या राहिल्या, तिसरी मागे. बाईंनी आकडे म्हटले आणि एक किडकिडीत मुलगी त्यांच्या तळहातांवर पाय देऊन सरळ वर गेली. चिमणीच्या चेहऱ्यावरचा भाव मी घरी कधी पाहिला नव्हता. नजर वरच्या मुलीवरून क्षणभरही हलत नव्हती. गोंडे हलवणारी म्हणे! मला तर त्या पोरीकडे बघून ऊर भरून आला.

"पकड चांगली आहे," दादा पुटपुटला. त्याच्या तोंडून हे ऐकायला ट्रकवरची माणसं वर्षानुवर्षं थांबतात.

पुढच्या खेपेला वरच्या मुलीचा एक पाय थरथरला. ती किंचित पुढे झुकली. आणि माझा भाऊ, ज्याला सटकतं वजन दिसलं की दुसरं काही सुचत नाही, बाकावरून उठून सगळ्या ताकदीनं ओरडला, "सोड!"

व्यायामशाळा हादरली. उंच मुलगी दचकली आणि तिचे हात निघाले. मागची एक पाऊल मागे सरकली. वरची पोर तिरकी होऊन डोक्याच्या बाजूनं खाली यायला लागली. त्या सगळ्या मुलींत ही हाक लहानपणापासून अंगात भिनलेली एकच होती, आणि ती तेवढी हलली नाही. हलली नाही कसं, हलली, पण उलट्या बाजूला. चिमणी आत शिरली. छाती पुढे करून तिनं ती मुलगी कमरेत धरली, कवटाळली आणि स्वतः पाठीवर पडली. वरची तिच्या अंगावर, सुखरूप.

बाई धावल्या. दोघींना चाचपून बघितलं, मग दादाकडे वळल्या. "इथे एकच आवाज चालतो, माझा."

"चुकलं, बाई," दादा म्हणाला. मग त्या किडकिडीत मुलीपुढे जाऊन तिलाही म्हणाला, "चुकलं गं बाळा." इतका बारीक आवाज मी त्याचा पहिल्यांदाच ऐकला.

वहिनी गादीपाशी पोचली होती. "हाक ऐकली नाहीस?" तिनं चिमणीला विचारलं.

"ऐकली."

"मग?"

"आई, ते कपाट नव्हतं."

वहिनी तिथेच गादीवर तिच्याजवळ बसली. तिनं चिमणीचे खांदे दाबून बघितले, कोपर वाकवून बघितलं, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. दादा कधी बायकोकडे बघे, कधी पोरीकडे.

"मी असते तर बाजूला झाले असते," वहिनी अखेर म्हणाली. "दुसरं काही करायला मला येतच नाही."

चिमणीनं तिचा हात धरला. बाई जवळ आल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

वहिनी चिमणीकडेच वळून म्हणाली, "वजन पाठीवर घेतलंस. ते गुडघ्यांवर यायला हवं. ऊठ, परत उचला तिला. मला बघू दे."

चिमणी उठली. चौघी पुन्हा जागेवर गेल्या, बाईंनी आकडे सुरू केले. दादानं एक हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता. आणि वहिनी, माझी ती कधी न बधणारी वहिनी, गादीच्या कडेला गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पुढे करून उभी होती.