काचेवरचं नाक

“नियम पहिला,” हातातली पिवळी झेंडी उंच धरत कायो म्हणाली, “इथं कुणालाही ‘तुमचा लाडका कोण?’ असं विचारायचं नाही. विचारलंत, आणि तोच तुमचाही निघाला, तर ‘अय्या, माझाही!’ असं तर मुळीच म्हणायचं नाही.”

“का बरं?” तोकुनागाकाकांनी विचारलं.

“आपल्या माणसावर दुसऱ्या कुणी जीव लावलेला काही लोकांना खपत नाही.”

“चित्रातल्या माणसावर?”

“चित्रातल्याच. खऱ्या माणसांचं इतकं कोण मनाला लावून घेतं?”

काकांनी मान डोलावली. “म्हणजे सवत नको.”

कायोला हा शब्द इतका पटला की झेंडी क्षणभर खाली आली.

अकिहाबारा म्हणजे टोकियोतला कार्टून मालिकांच्या शौकिनांचा बाजार. तिथल्या दुकानदार संघातर्फे ती दर शनिवारी नवख्यांची सहल काढायची. एरवी ती एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना ‘थोडंसंच दुखेल’ असं सांगायची. इथंही सूर तोच असे. आजच्या सहलीत तिघं होती. त्यातलं सेंदाई शहरातून आलेलं जोडपं पहिल्याच दुकानात तिसऱ्या मजल्यावर शिरलं आणि परत दिसलं नाही. कायोला त्याचं काही वाटलं नाही. सहल यशस्वी झाल्याची ती खूण होती.

उरले तोकुनागाकाका. पंचाहत्तरी ओलांडलेली, पायात मयताला घालतात तसे काळे बूट, बगलेत कापडात बांधलेलं गाठोडं.

“पुढं बाहुल्यांचं दुकान बघू या,” कायो म्हणाली.

“नको. मला त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर जायचंय.”

कायो थबकली. त्या पाचव्या मजल्यावर काचेचे खण भाड्यानं मिळत. हौशी लोक आपल्या वस्तू किंमत लावून त्यात ठेवत. त्यातला एक खण तिचा होता. त्यात फक्त उसुई उभा होता.

उसुई म्हणजे एका जुन्या कार्टून मालिकेतल्या अंतराळयानाच्या न्हाणीघरातला नोकर. चौथ्या भागात येतो, टॉवेलांच्या चौकोनी घड्या घालतो, सहाव्या भागात साबणावरून घसरून थेट सूर्यात पडतो. कप्तानावर मरणाऱ्या बायका लाखांनी होत्या. उसुईवर एकटी कायो. लग्नाचा विषय निघाला की ती दवाखान्याच्या सुरात सांगायची, “ती वेळ भरलेली आहे.”

एकटी, असं तिला फार वर्षं वाटत होतं. मग जुन्या बाजारातून उसुईचे बिल्ले नाहीसे होऊ लागले. दुकानदार म्हणायचे, “अहो, सकाळीच एक बाई घेऊन गेल्या.” कायोनं त्या बाईला न बघताच जन्माचं वैर धरलं. आपल्याकडची उसुईची दुर्मीळ मूर्ती तिनं खणात मांडली आणि किंमत अशी लावली, की त्या पैशात बरी मोटार यावी. आपला माणूस सगळ्यांना दिसावा पण कुणाला मिळू नये, एवढी साधीच इच्छा. त्यानंतर दर महिन्याला खणाच्या काचेवर एक ठसा उमटू लागला. नाकाचा. पावडर लावलेल्या, बुटक्या बाईच्या नाकाचा. कायो तो दात घासल्यासारखा घासून काढायची. गेल्या हिवाळ्यात ठसा यायचा थांबला. त्या दिवशी विजयाप्रीत्यर्थ तिनं ईल मासा आणि भात मागवून एकटीनं खाल्ला.

“तिथं नवख्यांसारखं काही नाही, काका.”

“आहे ना. माझ्या बायकोचा माणूस आहे.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. “एवढा.”

त्यांनी गाठोडं सोडलं. आत बायकी पिशवी होती, आणि तिच्यावर तसूभर जागा न सोडता बिल्ले लावलेले. प्रत्येक बिल्ल्यावर उसुई.

“मला वाटायचं, कुणाला तरी भेटायला जाते,” काका म्हणाले. “एकदा मागोमाग आलो. भेटतच होती. काचेला नाक लावून. फेब्रुवारीत गेली.”

बिल्ले आपल्यापेक्षा जास्त आहेत, हे कायोनं आधी पाहिलं. बाई मेली आहे, हे तिच्या ध्यानात नंतर आलं. हा क्रम तिला स्वतःलाही आवडला नाही, पण क्रम तोच होता. त्यानंतर तिला तो ईल मासा आठवला.

पाचव्या मजल्यावर काका खणासमोर वाकले.

“जवळून एवढासाच?”

“एवढाच असतो.”

“विकत घेऊन टाकतो.” मग त्यांनी किंमत वाचली. “कुणी वेड्यानं लावलीये ही?”

“काहींना विकायचंच नसतं.”

“बरं, तुम्ही जाणकार. सांगा, ह्याच्यात असं काय आहे जे माझ्यात नव्हतं?”

‘काही नाही’ एवढं म्हटलं की भागलं असतं. पिशवी पुन्हा गाठोड्यात गेली असती, काका घरी गेले असते आणि उसुई पुन्हा तिचा एकटीचा झाला असता. पण उसुईत काही नाही, हे कायोच्या तोंडून निघेना.

“सगळे एकाच गरम पाण्याच्या हौदात आंघोळ करून जातात,” ती म्हणाली. “आधी कप्तान, मग लढवय्ये. शेवटी जो येतो, त्याच्यासाठी हा थांबतो. पाण्यात हात घालून बघतो आणि परत जाळ लावतो. म्हणतो, ‘शेवटी आलात म्हणून काय गार पाण्यात बसायचं?’ बस. एवढं एकच वाक्य आहे त्याला.”

काकांनी पिशवीवरचा एक बिल्ला अंगठ्यानं पुसला.

“आमच्याकडे पहिली आंघोळ माझी,” ते म्हणाले. “मग मुलांची. मग त्याच पाण्यात ती.”

“सगळ्यांकडे तसंच असतं.”

“पाणी कसं होतं, मी कधी विचारलं नाही.”

कायोच्या घरी वडील आणि तीन भाऊ होते. तिनं ते सांगितलं नाही.

काका गल्ल्यावरच्या शिमोदेबाईंकडे वळले. “ह्या खणाच्या मालकाला विचाराल का? तिची पिशवी ह्याच्याशेजारी ठेवू देतील का?”

शिमोदेबाईंनी कायोकडे पाहिलं.

“मालकीण फार खडूस आहे,” कायो म्हणाली.

“फारच,” शिमोदेबाईंनी दुजोरा दिला.

“विचारून तर बघा,” काका म्हणाले.

कायोनं हात पुढं केला. शिमोदेबाईंनी त्यात किल्ली ठेवली. काकांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा किमतीच्या चिठ्ठीकडे.

पिशवी खणात मावेना. मग काकांनी एक बिल्ला काढून दिला. कायोनं तो अगदी मागं, कोपऱ्यात ठेवला.

“तिथून त्याला दिसणार नाही.”

तिनं बोटभर पुढं सरकवला.

“अजून थोडा.”

“काका, कशालाही काही हद्द असते.”

पण आणखी बोटभर सरकवला, आणि खण बंद केला.

“आज शेवटची आंघोळ करून बघावी म्हटलं,” काका म्हणाले. “पण घरात मी एकटाच. पहिलीही तीच, शेवटचीही तीच.”

मग ते वाकले, काचेला नाक लावलं, उसुईकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं, आणि गाठोडं बांधून जिना उतरून गेले.

ठसा नेहमीच्या जागेपेक्षा वीतभर वर उमटला होता. पावडर नव्हती. कायोनं सवयीनं खिशातलं फडकं काढलं, ठसा तेवढा सोडून आजूबाजूची सगळी काच पुसली, आणि फडक्याची चौकोनी घडी घालून खिशात ठेवून दिली.