दाराची तक्रार

कंडक्टरसाहेबांनी तिसऱ्यांदा तक्रार केली, तेव्हा कुठे कंपनीच्या फिटरबाई उगवल्या. तक्रार एकच: दार आता मला ओळखत नाही.

घर बायकोसाठी घेतलेलं. कमरेखालचं अंग गेल्यावर ती चाकांच्या खुर्चीत आली, म्हणून बटणं खाली, ओटा खाली, खिडकीसुद्धा खाली. दिवे, पंखे, पडदे सगळे यंत्रावर. ते यंत्र म्हणजे शुद्ध गाढव, पंखा म्हटलं की पडदा ओढणार. दार मात्र गुणाचं! ड्यूटी चारला संपो नाहीतर साडेसातला, साहेब पायरीशी पोचले की ते आपसूक उघडायचं. साहेब आत येऊन आधी दार थोपटायचे, "शाब्बास रे पठ्ठ्या!" बायको खुर्चीत बसून नुसती हसायची. डेपोतही यांची फुशारकी चालायची, "आमचं दार माणूस ओळखतं. तुमच्या घरची माणसं तरी ओळखतात का?"

बायको जाऊन दोन महिने झाले आणि दारही रुसलं. स्वतःच्याच दारात साहेबांना किल्ली चाचपत उभं राहावं लागायचं. निदान ते दार तरी परत मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फिटरबाईंनी कुलपाची डबी उघडली, तारा तपासल्या, मग मोबाइलवर काहीतरी चाळलं.

"काका, ह्याला माणूस ओळखायची सोयच नाहीये."

"मग सात वर्षं काय भूत उघडत होतं?"

"बटणानं उघडत होतं. ते खिडकीपाशी आहे ना, त्यानं. ही बघा रोजची नोंद. चार दहा, सात चाळीस, पाच पंचवीस... दोन महिन्यांपूर्वीपर्यंत."

साहेब ते आकडे बघतच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

"सेन्सर बसवू? तुम्ही आलात की आपोआप उघडेल."

"नको. राहू दे."

बाई गेल्यावर ते पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसले. या खिडकीतून बघायला उभ्या माणसाला वाकावं लागे, आणि ते कधी वाकले नव्हते. बसल्यावर थेट कोपऱ्यावरचा बसथांबा दिसला. एक बस आली, माणसं उतरली, पांगली. मग दुसरी आली. यांच्या ड्यूटीला धरबंध नव्हता, म्हणजे तिनं रोज अशा किती बसमधली माणसं निरखली असतील! आणि शाबासकी मिळायची दाराला.

त्यांनी बटण दाबलं. दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

"शाब्बास," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं.