विहिरीवरची साडी

कट्ट. माजघरात अडकित्त्याने सुपारी फोडली आणि दुपारची शांतता तिच्यासकट फुटली. चंद्रकांताचं पेन थांबलं. सासूबाई जाग्या झाल्या. म्हणजे आता चहाचं आधण टाकायची हाक येईपर्यंतचाच वेळ तिचा.

ती पडवीत बसली होती. मांडीशी कुंदा झोपली होती आणि गुडघ्यावर निबंधाचे कागद होते. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.ए. ती आता बाहेरून पुरं करत होती. वसईच्या अँजेलिनाबाई तिची तयारी करून घेत. त्यांनी विषय दिला होता : एक कथा आणि तिच्यावर निघालेला चित्रपट, यांचं मूल्यमापन करा. बाकीच्या मुली चित्रपट शोधत बसल्या. चंद्रकांताला शोधायची गरज नव्हती. एक चित्रपट तिच्याच वाडीत घेतलेला होता, घरामागच्या विहिरीवर.

तिने लिहिलं होतं : 'कथेतली बाई घराबाहेर पडतच नाही. नवरा बोटीवर गेला तो परत आलेला नाही. एका सकाळी तिला रहाट फिरल्याचा आवाज येतो. कुणीतरी तिच्या वाडीला पाणी देत असतं. मूल मांडीवर घेऊन ती नुसती ऐकत राहते. उठून पाहिलं तर तो नाही हे कळेल, म्हणून उठत नाही. चित्रपटात मात्र तिला विहिरीवर नेऊन कळशी भरायला लावलं आहे. हा प्रसंग अनावश्यक आणि खोटा आहे.'

'खोटा' हा शब्द तिने जरा दाबूनच लिहिला होता.

चित्रीकरणाच्या वेळी कुंदा तान्ही होती. पंप बसल्यापासून बंद पडलेला रहाट त्या लोकांनी दुरुस्त करून घेतला. त्यांच्या साड्या नव्याकोऱ्या, कडक. म्हणून चंद्रकांताची धुऊन धुऊन विटलेली हिरवी साडी मागून नेऊन नटीला नेसवली. पण नटीला भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालता येईना. दोनदा सांडली. मग दिग्दर्शकाने दारात उभ्या चंद्रकांताकडे बोट दाखवलं.

"ह्यांना पाठवा. चेहरा नाही दिसणार, पाठच फक्त."

"तिची पोर तापलीय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला न्या, नर्मदेला."

नटीने सोडलेली साडी नर्मदा नेसली आणि नणंदबाई विहिरीवर गेल्या. चंद्रकांता आत कुंदाला मांडीवर घेऊन बसली. रहाटाची कुरकुर ऐकू येत होती, मधूनच 'पुन्हा एकदा!' अशी आरोळी.

चित्रपट लागला तेव्हा अख्खी आळी तो पाहायला गेली. खरं तर चित्रपट कुणीच पाहिला नाही. 'तो बघ आपला माड', 'ती दयारामाची गुरं', असंच चाललं होतं. विहीर आली तशा टाळ्या पडल्या. आणि पडद्यावर हिरव्या साडीतली पाठ चालू लागताच कुंदा बापाच्या, दयारामाच्या मांडीवर उभी राहून ओरडली, "आई! आई बघा!"

सगळी आळी हसली. "अगं, मी हाय ती!" नर्मदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. दयारामही हसला. चंद्रकांताने अंधारात पदर नीट केला.

पुढे ती साडी तिने फाडून गोधडीला लावली.

"वैनी, माझं लिहिलंस का गं?" ओले केस पुसत नर्मदा पडवीत आली.

"पाठीचं काय लिहायचं?"

"पाठ तर पाठ!" नर्मदा खळखळून हसली. "बाजारात कोळणीसुद्धा म्हंतात, 'आली बाय सिनेमाची पाठ, हिला दोन बोंबील जास्त घाल.'"

चंद्रकांताला हसू आलं नाही. नर्मदेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खांबाला टेकून बसली.

"पण एक सांगू? मला जमतच नव्हतं. ते आपले, 'बाई, मिरवणुकीत चालल्यासारखी नको चालू.' कळशीवर कळशी ओतून माझी कंबर गेली. मग मला तू आठवलीस."

"मी?"

"तू पाणी घेऊन येतेस ना, अशी जरा थांबत. घराकडं कान लावून. पोर रडतेय का ऐकत. तशीच चालले. लगेच झालं त्यांचं." ती उठली. "आईला सांगू नकोस हां. तिला वाटतं, मी आपल्या अंगच्या गुणानं केलं."

ती गुणगुणत आत गेली.

चंद्रकांता कागदाकडे बघत राहिली. साडी नेली, चालसुद्धा नेली. तिला ते दृश्य पुन्हा दिसलं. ती पाठ चालता चालता क्षणभर थांबली होती, मान जराशी घराकडे वळली होती. त्या वेळी चित्रपटगृहातलं हसणंही थांबलं होतं. तो प्रसंग खरा उतरला होता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. फक्त कबूल करायचं नव्हतं.

आणि आता त्या चालीला खोटं कसं म्हणायचं?

तिने 'अनावश्यक आणि खोटा' वर रेघ मारली. मग लिहिलं : 'हा प्रसंग कथेत नाही, पण कथेतली घरात बसून ऐकणारी बाई याच्यातच सापडते. चित्रपटात याहून चांगलं दुसरं काही नाही.' लिहिताना अक्षर वाकडं आलं.

"चंद्रे, आधण टाक गं!" आतून हाक आली.

मांडीशी हालचाल झाली. कुंदाने डोळे चोळले, गोधडीतला हिरवा तुकडा नेहमीसारखा बोटाने चाचपला आणि गालाशी ओढून घेतला.

"आई, ही पिच्चरमधली ना?"

"हो."

"तुझी साडी?"

"माझीच."

कुंदाने तो तुकडा डोळ्यांसमोर धरून पाहिला.

"मग तू कुठं होतीस?"