पाटा मयताला गेलाय

मित्रांनो, तीन पायांवर बसलेला हा काळा दगड तुम्ही एखाद्या फोटोत पाहिला असेल. तो मीच. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगराखालच्या एका गावातला जुना पाटा. जन्म बायकांच्या हाताखाली गेला, म्हणून जीभही त्यांच्यासारखीच तिखट झाली. राग मानू नका.

फिदेंसियाच्या लग्नात तिच्या धर्ममातेने मला आंदण दिले. अंगावर लाल फुले रंगवली होती, आणि तिच्या दिराने मला पाठीवर घेऊन भर अंगणात नाच केला. फुले वर्षभरात झिजली. मग चाळीस वर्षे मी मका वाटला, मिरच्या वाटल्या, पोटाखाली निखारे घेऊन कोको वाटला. आमच्या गावात कुणी गेले, की घरटी एक बाई आणि एक पाटा त्या दारी जातो. नऊ दिवस प्रार्थनेला येणाऱ्यांना गरम चॉकलेट प्यायला द्यायचे, त्यासाठी पाट्यावर कोको वाटायचा असतो. त्याला बोलावणे लागत नाही.

पुढे रस्ता झाला आणि पैसे मोजून गाव बघणारे परदेशी पाहुणे येऊ लागले. फिदेंसियाची सून ओरालिया हिने 'इथे जुना पाटा बघा' असा बोर्ड दारावर लावला. खोटे कशाला बोलू? त्या पाहुण्यांमुळेच घरावर पक्के छप्पर आले, आणि उत्तरेला अमेरिकेत भांडी घासायला गेलेला तिचा नवरा घरी परतला. माझ्यावर पुन्हा फुले रंगवली. पाहुणे माझ्यावर कोरडाच वरवंटा फिरवायचे, फोटो काढायचे आणि जायचे. कौतुक पोटभर, वाटण चिमूटभर नाही.

मग शेजारची म्हातारी एऊफ्रासिया गेली. फिदेंसियाच्या तिन्ही बाळंतपणांत हिनेच येऊन माझ्यावर वाटण वाटले होते. नेमके त्याच दिवशी बारा पाहुणे यायचे होते. ओरालियाने गिरणीतून कोको दळून आणला आणि डबा शेजारी पाठवला. तासाभरात एऊफ्रासियाची लेक कांदिदा तोच डबा घेऊन दारात उभी.

"कोको होता गं आमच्याकडे. माणूस नव्हतं."

"पाहुणे गेले की लगेच येते, ताई," ओरालिया म्हणाली.

"ये सावकाश. आईला आता कसली घाई?"

कांदिदा गेली. चुलीपाशी बसलेली फिदेंसिया गुडघे धरत उठली.

"ओरालिया, उद्या मी गेले की कोण येणार गं वाटायला? ते बारा जण?" ती म्हणाली. "चढव हा पाटा हातगाडीवर."

"आई, अहो, पाहुणे पाटाच बघायला येतात."

"मग सांग त्यांना, पाटा मयताला गेलाय."

एऊफ्रासियाच्या अंगणात फिदेंसिया वाटायला बसली आणि माझी लाज गेली. कोको माझ्यावरून नुसता घसरत होता. कोरडे घासून घासून मी गुळगुळीत झालो होतो. कांदिदाने आतून छिन्नी आणली आणि मला टाकी लावू लागली. रंगवलेली फुले टवके होऊन उडाली. दुखले, पण चाळीस वर्षांची ओळख अंगात परत आली.

ऊन कलल्यावर ओरालिया दारावरचा बोर्ड उलटा करून आली. तिने सासूच्या हातातून वरवंटा घेतला आणि गुडघे टेकले.  शेजारच्या बाईने आपला पाटा हातभर सरकवून जागा दिली.

मित्रांनो, आमच्या गावी जरूर या. पण दारावरचा बोर्ड उलटा दिसला, तर घरात काम आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी या. आणि तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद शोभेला मांडून ठेवला असेल, तर त्याला नुसते पुसू नका. टाकी लावा, आणि शेजारी गरज पडली की उचलून न्या.