हाक पोहोचवणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे. दिसायला डब्याएवढी, पोटात एक हिरवी सर्किटची पट्टी आणि वर एक बारीक दिवा. घरातल्या निरनिराळ्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणं हे माझं काम होतं. मित्रांनो, आता मी कपाटात पडून असते. सांगायला सवड आहे, पण ऐकणारं कुणी नसतं.

मला ताईने घडवलं. ती इंजिनिअर. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, तेव्हा ताईने बऱ्याच स्मार्ट वस्तू आणल्या. आपोआप लागणारे दिवे, फोनवरून उघडणारं कुलूप आणि आईंच्या गळ्यात घालायचं एक बटण. ते दाबलं की ताईचा फोन वाजायचा. वस्तू मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. बटणाचं दिव्याला कळत नसे, दिव्याचं कुलपाला.

पुढे बटणाच्या कंपनीला टाळं लागलं. निरोप ज्यांच्यामार्फत जायचा ते तिचे दूरचे संगणक बंद पडले आणि आईंच्या गळ्यातलं बटण मुकं झालं. घरात कुणाला याचा पत्ताच नव्हता. त्या दुपारी आई न्हाणीघरात घसरून पडल्या. ताई दार लावून पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. ती बाहेर आली तेव्हा आई तशाच ओल्या फरशीवर, बटणावर अंगठा ठेवून.

"किती वेळ दाबतेय गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू रागावलीस."

आईंचं मोडलेलं हाड जुळल्यावर तिने कॉलेजातल्या मित्राला, लंबूला, बोलावून घेतलं. दोघांनी मिळून यंत्रांसाठी एक सामाईक भाषा लिहायला घेतली. ती कुणीही वापरावी, कुणाची परवानगी लागू नये आणि निरोप घरातल्या घरात पोहोचावा. ती भाषा पहिल्यांदा मी बोलले. नवं बटण दाबताच परक्या कंपनीचा दिवा लागला, तेव्हा आई खूश झाल्या.

"एक्स्चेंजमध्ये आम्ही हेच तर करायचो, याची तार त्याला जोडायची! फक्त हे दिवे 'फोन लवकर लाव' म्हणून खेकसत नाहीत."

मग एका मोठ्या कंपनीला ती भाषा विकत हवी झाली, फक्त स्वतःपुरती.

"देऊन टाकू," लंबू म्हणाला. "माझ्या पोरांचा तरी विचार कर."

"आणि उद्या त्यांनीही टाळं लावलं तर?"

"जगात तू एकटीच शहाणी!"

लंबू त्या कंपनीत नोकरीला गेला. त्याची खुर्ची बरेच दिवस तशीच टेबलापासून मागे ओढलेली राहिली. ताईने भाषा सर्वांसाठी खुली केली. दूरदूरच्या अनोळखी लोकांनी तिच्यातल्या चुका काढल्या, तिला वाढवलं. माझे फोटो छापून आले. ताई हसली, पण शेजारची लंबूची खुर्ची रिकामीच होती.

एका सकाळी आईंनी बटण दाबलं. मी क्षणात निरोप दिला. ताई धावत आली, तिने आईंचं डोकं मांडीवर घेतलं.

"आलीस?" आई म्हणाल्या. मग त्यांचे डोळे मिटले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लंबू भेटायला आला. दारातच थबकला. "मी तेव्हा जायला नको होतं," म्हणाला. ताईने त्याला पाणी दिलं आणि त्याची जुनी खुर्ची पुढे केली.

त्यानंतर ती भाषा पुष्कळ पुढे गेली. लाखो घरांत ती बोलली जाते म्हणे. पण तिचे नवे शब्द माझ्या तोकड्या स्मृतीत मावेनात. नवे दिवे मला ओळख देईनात. शेवटी ताईने माझी वायर काढली, अंगावरची धूळ पुसली आणि मला मऊ कापडात गुंडाळलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्याहून हुशार पेट्या येतील. त्यांची भाषा कुणा एकाच्या कुलुपात जाऊ देऊ नका. आणि पेटी आहे म्हणून निर्धास्त होऊन दार लावून बसू नका. हाक पोहोचवणं तेवढं मला जमलं. कुणाचा हात हातात घेणं मला कधीच जमलं नाही.